कमजोरी नसेची नाही, गप्प बसण्याची

जालन्याकडे येणारा कोणताही रस्ता धरा. भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं असतं: ‘नसों की कमजोरी, शर्तिया इलाज’. खाली मोबाइल नंबर.

ताठरता येत नाही ती नसेत जोर नाही म्हणून, असा या जाहिरातीचा सूर. मुळात पुरुषाच्या शरीरात घडतं ते उलटं. इच्छा मेंदूत जागी होते, लिंगातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, काही सेकंद टिकतो आणि धमनीभोवतीचे स्नायू सैल करतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं दार उघडल्यावर चारीत पाणी यावं, तसं रक्त येतं. ताठरता येते ती या सैलपणातून. हा वायू शरीरात निरोप पोचवतो, हे दाखवणाऱ्या फर्शगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना 1998 साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिल या गोळीला परवानगी मिळाली. ती गोळी वायू तयार करत नाही, त्याने सुरू केलेलं काम लवकर मोडू देत नाही, एवढंच. इच्छाच नसेल तर गोळी काय करणार?

आणि मर्दानगी म्हणजे जोर, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: 1995 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत उंदरांवरचा एक प्रयोग छापून आला. मज्जापेशींत हा वायू बनवणारं जनुक काढून टाकलेले नर मारकुटे झाले आणि मादी दाद देत नसतानाही तिचा पिच्छा सोडेनात. उंदरावरून माणसाचं सगळं ठरत नाही. पण आवर घालण्यातही या वायूचा हात असावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता खरं दुखणं. वाढलेली शुगर, बीपी आणि तंबाखू रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खराब करतात, आणि हा वायू बनतो त्या अस्तरातही. लिंगाची धमनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार. बारीक वाट आधी तुंबते. म्हणून चाळिशी-पन्नाशीतली ताठरता न येण्याची तक्रार पुष्कळदा हृदयविकाराची आगाऊ वर्दी असते, काही वर्षं आधी आलेली. ती वर्दी घेऊन माणूस जातो तंबूतल्या वैदूकडे. नाहीतर मेडिकलवर बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत ताटकळतो, आणि कात्रीने कापलेल्या पट्टीतल्या सिल्डेनाफिलच्या दोन गोळ्या कागदाच्या पुडीत घेऊन निघतो. चिठ्ठी नाही, कुणी विचारलंही नाही. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवणारा माणूस असेल तर? तीही हाच वायू देते. दोन्ही एकत्र आल्या की रक्तदाब धाडकन कोसळतो, जीवही जातो.

यावर गप्प न बसणारेही होते. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकातून लैंगिक विषय उघड मांडले. अश्लीलतेचा खटला झाला, 1934 मध्ये डॉ. आंबेडकरांनी कोर्टात त्यांची बाजू लढवली, तरी दंड झालाच. बोलणाऱ्याला शिक्षा झाली. भिंती रंगवणारे मोकळे आहेत. वास्तविक लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातीला 1954 च्या कायद्याने बंदी आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आरोपी शोधत फिरायचीही गरज नाही. नंबर भिंतीवर आहे, लावा.