टेबलावरचा रणगाडा : होतकरू पायदळासाठी प्राथमिक धडे

सर्वप्रथम जेवणाचं टेबल ताब्यात घ्या. टेबलावर लढाई मांडायच्या या खेळातली ही सर्वांत अवघड मोहीम. ती फत्ते झाली की पुढची लढाई किरकोळ. साहित्य : १:७२ प्रमाणातले प्लॅस्टिकचे जवान, दोन-तीन रणगाडे, मोजपट्टी आणि मूठभर फासे. नगरकरांना आणखी एक तयारी जमण्यासारखी आहे. सोलापूर रस्त्यावरच्या रणगाडा संग्रहालयात जावं आणि खऱ्या पॅटन रणगाड्याशेजारी उभं राहून आपण केवढे आहोत ते बघून घ्यावं. रायफलीच्या गोळीविषयीचे बरेच प्रश्न तिथंच मिटतात.

तरीही नवशिका मिटू देत नाही. दहा रायफलवाले रांगेत मांडतो, दहा फासे खुळखुळवतो, दहाही सहा पडतात आणि रणगाडा जागच्या जागी धडधाकट. ‘हा अन्याय आहे,’ असं म्हणण्याची पद्धत आहे, म्हणून घ्यावं. ‘बोल्ट ॲक्शन’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या नियमावलीत हिशेब उघड मांडलेला असतो : एक फासा, त्यात हत्याराचा आकडा मिळवायचा आणि बेरीज चिलखताच्या आकड्याशी भिडवायची. शर्मन रणगाड्याचा आकडा ९, रणगाडाविरोधी बझूकाची भर ५. म्हणजे चार पडले तर नुसता ओरखडा, पाच किंवा सहा पडले तर खरा घाव. रायफलीची भर शून्य. सहा कितीही वेळा पडले तरी त्यांची बेरीज होत नाही, हे पहिल्या धड्यातच पाठ करून टाका. उघड्या छताची चिलखती गाडी असेल तर मात्र गोळ्यांचा पाऊस वाया जात नाही. आतल्यांना माना खाली घालाव्या लागतात.

आता अंतर. इथं नियमावल्या सरळसरळ थापा मारतात आणि त्या माराव्याच लागतात. तीनशे मीटर १:७२ प्रमाणात मोजले तर सव्वाचार मीटरच्या आसपास होतात, म्हणजे रायफलवाला स्वयंपाकघरात आणि शत्रू गॅलरीत. जीपवरच्या १०६ मिमी रिकॉइललेस तोफेचा एक किलोमीटर म्हणजे जवळपास चौदा मीटर. गोळा शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात. म्हणून सगळे पल्ले आखडून घेतलेले असतात. टेबलावर खऱ्या मापानं मावणाऱ्या मोजक्या हत्यारांपैकी एक : जर्मनांचा पहिला पांझरफाउस्ट. पल्ला तीस मीटर, आपल्या पट्टीवर बेचाळीस सेंटिमीटर. एकदा झाडला की संपला. नेम चुकल्यावर रणगाडा बेचाळीस सेंटिमीटरवर उभा असतो आणि हातात रिकामी नळी. नवशिक्यानं या अंतरावर थोडा वेळ चिंतन करावं.

पायदळाची खरी करामत हत्यार झाडण्याआधीची. चिलखत समोर जाड, बाजूला पातळ, मागे आणखी पातळ. म्हणून रणगाड्याला पुढं जाऊ द्यायचं. तो जवळून जात असताना फासा हातात असूनही टाकायचा नाही, हे फार जड जातं. माझ्या मते हा खेळ निम्माअधिक तेवढाच आहे.

याचा वस्तुपाठ भारत-पाक युद्धातला, १० सप्टेंबर १९६५चा. खेमकरणजवळ, चीमा गावाच्या परिसरात ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद जीपवरची रिकॉइललेस तोफ घेऊन उसाच्या आडोशाला थांबले, पॅटन जवळ येईपर्यंत. ही तोफ झाडली की मागून ज्वाळा आणि धुरळा उठतो, जागा लगेच उघडी पडते; म्हणून बार काढायचा आणि हलायचं. जीपला चिलखत नावालाही नाही. शेवटी शत्रूच्या माऱ्यात ते धारातीर्थी पडले; मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. टेबलावर ही लढाई मांडणार असाल तर घरगुती नियम असा करा : जीपनं बार काढला की ती सर्वांना दिसते, पुढच्या पाळीत हललीच पाहिजे, आणि साध्या मशीनगननंही मरते. तोफेला भर भरपूर द्या, पण जीपला दया नको.

ऊस मात्र हवाच. हिरव्या खराट्याच्या काड्या चालतील. उसात शिरलेल्या रणगाड्याला चार हातांपलीकडचं दिसत नाही. सोबत स्वतःचं पायदळ नसेल तर समोरच्याचे दोन जवान त्याच्या पाठीशी येऊन उभे राहतात. नवशिका नेमकं हेच करतो : रणगाडा मौल्यवान म्हणून एकटाच पुढं दामटतो आणि पायदळ मागे सुरक्षित ठेवतो.

वाद होणारच, तेव्हा पंच आधी ठरवा. नगरमध्ये हे सोपं नाही. एकीकडे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, दुसरीकडे १९७९ साली उभ्या राहिलेल्या मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र. निवृत्त सुभेदारसाहेब कुठल्या बाजूचे हे विचारल्याशिवाय बोलावू नका. त्यापेक्षा राहुरीकडचा एखादा ऊसवाला पाहुणा बसवावा. जीप उसात झाकते की नाही यावरच निम्मी भांडणं होतात, आणि सप्टेंबरात ऊस केवढा असतो हे तो हात वर करून दाखवेल.