कलमाआडचे काका

आयकर कायदा रुक्ष आहे असं म्हणणाऱ्यांनी तो वाचलेला नसतो. त्यातल्या प्रत्येक कलमाआड कोणीतरी एक काका बसलेले असतात. त्यांनी कधीकाळी एक शक्कल लढवली, ती सरकारला कळली आणि पुढच्या अर्थसंकल्पात तिला बूच बसलं. १९६१चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६पासून २०२५चा लागू झाला. कलमांचे आकडे बदलले, काका तेच.

आमचे अप्पाकाका या कुळातले. सांगलीत इलेक्ट्रिक सामानाचं दुकान, वरच्या दोन खोल्या भाड्याने. करनियोजन त्यांना मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुचतं. छोट्या दुकानदाराने अंदाजे नफ्याची योजना घेतली तर सगळा आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत भरायचा असतो, ही गोष्ट त्यांना दरवर्षी नव्याने कळते. या योजनेत उलाढालीच्या ८ टक्के नफा धरतात, पण बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६च टक्के. तरी काकांनी क्यूआर कोड लावलाय तो पंख्यांच्या खोक्यांमागे.

ही योजना घेण्याआधी, धंद्यातला १०,००० रुपयांवरचा रोख खर्च वजा मिळत नाही हे समजल्यावर त्यांनी एका पुरवठादाराला सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेनऊ हजार मोजले.

"काका, मर्यादा एका माणसाला एका दिवसात दिलेल्या रकमेची आहे," त्यांची सीए म्हणाली. पूर्वी ती एका वेळच्या रकमेची होती. म्हणजे काकांच्या आधीचे काका येऊन गेले होते.

घरपट्टी त्यांनी मोठ्या हुशारीने भाडेकरूच्या गळ्यात घातली. ती मालकाने स्वतः भरली, तरच त्या वर्षीच्या भाड्यातून वजा होते. उरलेल्या भाड्याचे ३० टक्के मात्र देखभालीपोटी आपोआप सुटतात. पावती नको, बिल नको, भिंतीत एक खिळा ठोकलेला नसला तरी चालतं. काकांनी तो ठोकलेला नाहीच. पण या सवलतीवर त्यांचा विश्वास बसत नाही. जिथे डोकंच चालवावं लागत नाही, तिथे काहीतरी गोम असणार!

खरा चमत्कार पुढे आहे. राहतं घर बायकोला बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, बाकीचे आकार वेगळे. काकांनी वरच्या खोल्या काकूंच्या नावावर करायचं ठरवलं. भाडं काकूंचं, कर शून्य.

"भाडं तुमच्याच उत्पन्नात धरणार," सीए म्हणाली. "काकूंनी स्वतःचे पैसे घालून घर घेतलं असतं, तर तेवढा हिस्सा त्यांचा."

"मग सुनेला देतो."

"सूनही कायद्यात आहे."

कायद्याने घर किती बारकाईने पाहिलंय बघा. लग्नाआधी दिलेली भेट मात्र त्याला चालते. कलकत्त्याच्या एका साहेबाने नियोजित वधूला शेअर दिले होते. लग्नानंतर आयकर खातं त्यावरचा लाभांश साहेबाच्या उत्पन्नात मिळवू पाहत होतं, पण १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल साहेबाच्या बाजूने दिला. काकांच्या लग्नाला आता चाळीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे हा मार्ग बंद. बायको आणि सून कायद्यात आहेत, जावयाचं नाव मात्र तिथे नाही. जावयाकडे गेलेलं परत येत नाही, हा अनुभव कायदा करणाऱ्यांनाही असावा.

"आणि सज्ञान मुलगी?" काकूंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"तीही नाही. तिला दिलं की भाडं तिचं, कर तिचा."

काकांचा चेहरा उजळला. "मग झालं तर! खोल्या तिच्या नावावर, भाडं गुपचूप माझ्या खात्यात."

"तसं नाही हो काका. भाडं तिच्याच खात्यात जायला हवं. तुम्ही मागायचं नाही."

काका बराच वेळ वहीकडे बघत राहिले.

"म्हणजे," ते म्हणाले, "खरंच द्यायचं?"