तर्रीतलं भेदरं

मध्य प्रदेशातल्या आमच्या रामाकोन्यात परंपरेचे रक्षक एवढे आहेत, की त्यातल्या निम्म्यांना जरी स्वयंपाक येत असता तरी बायकांना दुपारची झोप मिळाली असती. पण रक्षण करणारे सगळे ताटावर बसलेले. चुलीपाशी जी आहे, ती गुपचूप आपल्याला हवं तेच शिजवते.

आमच्या काकाजींचंच घ्या. दुपारी वरण-पोळी, रात्री चून-भाकर, मधूनच अंबाडीची भाजी, या रोजच्या जेवणाबद्दल त्यांची तक्रार नसते, कारण तिकडे त्यांचं लक्षच नसतं. घरातलं शेंगदाण्याचं तेल जाऊन सोयाबीनचं कधी आलं, अंबाडीत ज्वारीच्या कण्यांऐवजी तांदळाची चुरी कधीपासून पडायला लागली, त्यांना अजून पत्ता नाही. पण रोडग्यांचा बेत ठरू द्या, त्यांच्या अंगात पाकशास्त्र संचारतं.

रोडगे म्हणजे आमच्याकडे पुरुषांचा स्वयंपाक. जामसावळीच्या निजलेल्या मारुतीचा नवस असो की वावरातलं जेवण, त्या दिवशी गावातले झाडून सगळे पुरुष आचारी होतात. जाडसर दळलेल्या गव्हाची घट्ट कणीक, तिची छोटी गोळी तेल लावून पारीत भरायची, ती पारी पुन्हा तेल लावून दुसऱ्या पारीत. गोवऱ्या पेटून लाल झाल्या की हे गोळे त्यात पुरायचे. वरून करपलेले दिसायला लागले की काढायचे, फडक्यात झटकून राख पाडायची आणि मुठीनं फोडायचे. आतून वाफ येते, पापुद्रे सुटतात, त्यावर तूप आणि वरण. जोडीला वांग्याची भाजी. तिच्यावर बोटभर तर्री नसेल तर पंगत उठून जाईल.

या भाजीत भेदरं, म्हणजे टोमॅटो, चालत नाही. आलू तर नाहीच नाही. "आमच्या मायनं कधी टाकलं नाही. वांग्याले वांग्याची चव पायजे," हा काकाजींचा निकाल. पुण्याहून आलेल्या आमच्या वहिनींनी एकदा त्यांना मायच्या भाजीचं माप विचारलं होतं. त्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'वर वाढलेल्या. 1970 पासून वाटी-चमच्यानं मराठी सुनांचे संसार सावरणारं ते पुस्तक. काकाजींनी हवेत मूठ उघडली, मिटली आणि म्हणाले, "एवढं."

मी मात्र एकदा इतिहास काढला. म्हटलं, काकाजी, मिरची अमेरिकेची. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा आपल्या कोणाच्या घरी ठेचा नव्हता. आलू, भुईमूग तिकडचेच, आणि छिंदवाड्याच्या ज्या मक्याचा एवढा गवगवा तोही तिकडचाच. ज्वारी आफ्रिकेची. गहू पश्चिम आशियातला. या पंगतीत इथलं म्हणाल तर वांगं आणि तूर. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "मंग तू वांगं आन वरण खाय. रोडगा ठेव इकडं, तो परदेशी आहे."

त्यांचंही चुकत नाही म्हणा. आमचं घर आहे तिथंच आहे, पत्ता मात्र सारखा बदलतो. नागपूर आमची राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. नागपूरला जाणारी छोटी गाडी बंद पडून तिथं मोठी आली. 2023 मध्ये जिल्हाही छिंदवाड्याचा पांढुर्णा झाला. पोरं शाळेत हिंदी शिकतात, हिंदीतच भांडतात, जेवायला तेवढं मराठीत मागतात. एवढं सगळं हललेलं पाहिल्यावर माणूस कुठंतरी पाय रोवणारच. काकाजींनी ते वांग्याच्या भाजीत रोवले आहेत.

मागच्या खेपेस वावरात रोडगे होते. अशा वेळी वाटण तेवढं घरून जातं, कारण कांदा-खोबरं भाजून खसखशीसकट पाट्यावर वाटायला कुठल्याच आचाऱ्याचे हात तयार नसतात. काकूंचा डबा आला, भाजी झाली. काकाजींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "असल. मायच्या हातची."

"आबाजी, काल आजीनं त्यात भेदरं वाटले," नातवानं सांगून टाकलं.

पंगत थबकली. कोणी पाण्याचा गिलास उचलला, कोणी ठेवला. काकूंनी वरण वाढणं थांबवलं नाही. काकाजींनी भाजीकडे पाहिलं, तर्रीत रोडग्याचा तुकडा फिरवला, खाल्ला.

"माय बी टाकत होती," ते म्हणाले. "पण वाटून टाकत होती. तुमाले मालूम नाही."

काकूंनी त्यांच्या ताटात वरण ओतता ओतता विचारलं, "आन आलू?"

"त्याचं मले आठवा लागन."