किती एचडी नको, केवढं एचडी ते सांगा

आजऱ्याजवळच्या एका गावी माझी आत्या राहते. वय ७६, आणि क्रिकेटचं वेड तरण्या पोरांना मागं टाकणारं. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे सामना बघत बसलो होतो. चेंडू दिसतच नव्हता. बॅट फिरली की खेळाडू कुठं पळतायत त्यावरून चेंडूचा माग काढायचा. "माझी नजरच गेली बघ," आत्या म्हणाली. तिची नजर शाबूत होती. मी उठून टीव्हीच्या मागे हात घातला, तर बॉक्समधून लाल-पांढरी-पिवळी अशी तीन पिनांची वायर निघालेली. टीव्ही एचडी, बॉक्स एचडी, पॅक एचडी आणि मधली वायर जुन्या जमान्यातली. त्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही.

डीटीएचची छत्री लावून गेलेल्या पोराला फोन केला.

"काका, एचडीच चालूय की. कोपऱ्यात चॅनलच्या नावापुढं एचडी लिहून येतंय बघा."

"अरे, नाव एचडी आहे, चित्र नाही."

"वायरीचं आम्हाला कुणी सांगितलं नाही काका. छत्री लावायला सांगितली, लावली."

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला दिवसात किती छत्र्या लावल्या यावर पैसे मिळतात. दोष आहे तो 'एचडी' ही दोन अक्षरं विकून पुढं काय पोचतंय ते न बघणाऱ्या धंद्याचा. आत्यानं आठ महिने एचडीचे पैसे भरले आणि आठ महिने साधं चित्र पाहिलं.

तेव्हापासून कुणी मला विचारलं, "कोणत्या डीटीएचवर एचडी चॅनल्स जास्त?" की मी म्हणतो, हा प्रश्न टाका. कंपन्या याच आकड्यावर भांडतात आणि तुलनेसाठी याच्याइतका निरुपयोगी आकडा दुसरा नाही.

आधी हिशेब बघू. साध्या, म्हणजे एसडी चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात, एकूण ४,१४,७२०. एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोबर पाचपट. अल्ट्रा एचडीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. एचडीच्या चौपट, एसडीच्या वीसपट. हे ठिपके आकाशातून तुमच्या छतावर उतरायचे तर तेवढी वाट हवी. ती वाट म्हणजे उपग्रहावरचा ट्रान्सपाँडर. ३६ मेगाहर्ट्झचा एक ट्रान्सपाँडर आजच्या तंत्राने सेकंदाला साधारण ६० मेगाबिट वाहून नेतो. ही वाट अमर्याद नाही. कंपनी कितीही मोठी असो.

आमच्या भागात हे समजवायला पाटाच्या पाण्याइतकं सोपं उदाहरण नाही. पाट एक, पाणी ठरलेलं. चारीवर दहा शेतकरी असले तर ऊस निघतो. वीस आले तर टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या, माणसाच्या वाट्याला ओलावा येतो, पाणी येत नाही. पाटबंधारे खात्यानं "आम्ही वीस शेतकऱ्यांना पाणी देतो" असा फलक लावला तर तो खोटा नसतो. पण टेलचा माणूस काय म्हणतो तेही विचारावं लागतं. ६० मेगाबिटांत आठ एचडी चॅनल्स नीट बसतात. त्यातच चौदा कोंबली तरी चौदाही चॅनल्सच्या कोपऱ्यात एचडी हीच अक्षरं दिसतात. जाहिरातीतला आकडा मात्र वाढलेला असतो.

यात आणखी एक बारकावा आहे. ट्रान्सपाँडरमधलं पाणी समान वाटलं जात नाही; ज्या क्षणी ज्या चॅनलला गरज जास्त, त्याला जास्त सोडतात. बातमी वाचणारा निवेदक म्हणजे ज्वारी: माणूस बसलेला, मागचा पडदा तोच, फार काही बदलत नाही. क्रिकेट म्हणजे ऊस: कॅमेरा धावतो, गवत धावतं, प्रेक्षकांतले हजार चेहरे एकदम हलतात. एकाच ट्रान्सपाँडरवर दोन सामने आणि एक हाणामारीचा सिनेमा एकाच वेळी आला की पाणी कुणालाच पुरत नाही. मग चौकार गेला की हिरवळीचा शेणकाला होतो आणि गर्दीचे चौकोन पडतात. आपली कंपनी एचडीला किती पाणी सोडते हे बघायचं तर मालिकेतल्या स्थिर चेहऱ्याकडे बघू नका. सीमारेषेकडे पळणाऱ्या चेंडूमागे कॅमेरा वळतो तेव्हाचं गवत बघा. पाती वेगळी दिसली तर कंपनी चांगली. हिरवा रंग फासल्यासारखा दिसला तर तिचा शंभरीतला आकडा तुमच्या काही कामाचा नाही.

टीव्हीवर माहितीचं बटण दाबून '१०८०' दिसलं म्हणून खूश होणारे पुष्कळ आहेत. तो आकडा बॉक्स टीव्हीला काय पाठवतो ते सांगतो. उपग्रहावरून काय आलं ते सांगत नाही. बॉक्स एसडी चित्रही ताणून १०८० करून पाठवतो. साडी ताणून नऊवारी होत नाही.

आता कंपन्यांकडे येऊ. यांच्यातला खरा फरक चॅनल्सच्या यादीत सापडत नाही. तो उपग्रह आणि जुने बॉक्स यांत आहे. डिश टीव्ही २००३ मध्ये आला, टाटा स्काय २००६ मध्ये. तेव्हाचं चित्र आवळण्याचं तंत्र एमपेग-२ होतं, जागा खाणारं. सन डायरेक्ट २००७ च्या अखेरीस आला तो थेट एमपेग-४ घेऊन, एअरटेलही २००८ मध्ये तसाच. उशिरा येणाऱ्यांना त्याच पाटात जवळपास दुप्पट शेती करता आली. आधी आलेल्यांच्या गळ्यात मात्र लाखो जुने बॉक्स. जोवर एका घरात जुना बॉक्स आहे, तोवर त्याच्यासाठी जुन्या तंत्रातलं चॅनल चालू ठेवावं लागतं, म्हणजे तेवढी जागा अडली. म्हणून मी म्हणतो, कंपनीनं जुने बॉक्स बदलून दिले का, हा प्रश्न एचडी चॅनल्स किती, या प्रश्नापेक्षा मोठा आहे.

उपग्रहाची गोष्ट त्याहून महत्त्वाची. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बी या उपग्रहाच्या सौरपंखात बिघाड झाला, निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले, आणि सन डायरेक्टला मलेशियाच्या मीसॅट-३ चा आसरा घ्यावा लागला. उलट बाजूचं उदाहरण टाटा प्लेचं, म्हणजे पूर्वीच्या टाटा स्कायचं. २२ जून २०२२ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून जीसॅट-२४ उडाला. चार टनांहून जड, २४ केयू बँड ट्रान्सपाँडर, आणि ते सगळेच्या सगळे या एका कंपनीने घेतलेले. वरच्याच हिशेबानं धरा: २४ गुणिले ६०, म्हणजे सेकंदाला १४४० मेगाबिट. आठ मेगाबिटांनी १८० एचडी चॅनल्स. पंचवीस मेगाबिटांनी ५७ अल्ट्रा एचडी. ढोबळ गणित आहे, पण जागा केवढी आली ते कळतं. ती जागा असलेल्या चॅनल्सना जास्त पाणी सोडायला वापरली की आणखी चॅनल्स कोंबायला, हे मात्र बिलावर कुठंच येत नाही.

पावसाचंही इथंच सांगतो. केयू बँडचा सिग्नल मुसळधार पावसात क्षीण होतो, हे कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. एका ट्रान्सपाँडरवर जितके मेगाबिट दाटीवाटीनं भरावेत, तितका सिग्नल स्वच्छ लागतो. म्हणजे अधिक चॅनल्ससाठी मेगाबिट वाढवले तर त्याची किंमत जुलैमध्ये आपणच मोजतो. सावंतवाडी, महाबळेश्वर, आंबोलीकडच्या लोकांनी छत्री एक माप मोठी मागावी आणि पावसाआधी तिची दिशा पुन्हा बसवून घ्यावी.

आणि आता ज्याचा मला खरा संताप आहे ते. टाटा प्लेची छत्री बघते ८३ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहाकडे. डी२एचची ८८ कडे. डिश टीव्हीची ९५ कडे. एअरटेलची १०८ च्या थोडी पुढं. 'स्टार प्रवाह एचडी' हे एकच चॅनल, एकच मालिका, एकच क्षण, आणि ते या प्रत्येक ठिकाणी वेगवेगळं वर पाठवायचं, वेगवेगळं खाली आणायचं. 'झी मराठी एचडी'चं तेच. संभाजीनगरच्या व्हिडिओकॉन समूहानं उभं केलेलं डी२एच २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झालं. मालक एक झाला, तरी छत्र्या दोन दिशांना राहिल्या आणि तीच चॅनल्स दोनदा आकाशात जात राहिली. देशात एचडीला जागा नाही असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं आधी हे बघावं. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं डीटीएच कंपन्यांना यंत्रणा वाटून घ्यायला परवानगी दिली, पण ऐच्छिक ठेवली. ऐच्छिक ठेवलेली गोष्ट आपल्याकडे कपाटात जाते. सामायिक चॅनल्स एका ठिकाणाहून गेली असती तर उरलेल्या जागेत बातम्यांची मराठी चॅनल्स एचडी झाली असती. आज त्यातली बहुतेक एसडीतच आहेत. पूर आला की कृष्णा-पंचगंगेची दृश्यं आपण धुरकट बघतो, आणि पाण्याची पातळी दाखवणारा आकडा वाचता येत नाही.

अल्ट्रा एचडीत तर आपण दरवाजाशी जाऊन परत आलो. २०१५ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या सुमारास टाटा स्काय आणि व्हिडिओकॉन डी२एच या दोघांनीही फोरके बॉक्स बाजारात आणले, निवडक सामने तसे दाखवलेही. पुढं त्याचं रोजच्या चॅनल्समध्ये रूपांतर झालं नाही. जपाननं त्यानंतर, १ डिसेंबर २०१८ रोजी, उपग्रहावरून नियमित फोरके आणि एटके चॅनल्स सुरू केली. एनएचकेच्या एटके चॅनलला सेकंदाला सुमारे १०० मेगाबिट लागतात. एक पूर्ण ट्रान्सपाँडर, तोही जास्त दाबून भरलेला, एका चॅनलला! तिथं सार्वजनिक प्रसारकानं ठरवलं की आकड्यापेक्षा चित्र मोठं. मला तो निर्णय मनापासून पटतो.

"आता फोरके इंटरनेटवर आलंय, छत्रीचं काय घेऊन बसलात?" असं पुण्या-मुंबईचे मित्र म्हणतात. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर फोरकेत फुकट दिसली हे खरं. पण गणित करा. इंटरनेटवर एक कोटी घरांनी सामना लावला की एक कोटी वेळा तो पाठवावा लागतो. उपग्रहावरून तो एकदाच पाठवतात. बघणारी घरं दहा असोत की एक कोटी, २५ मेगाबिट ते २५ मेगाबिटच. सगळा देश एकाच वेळी बघतो अशा गोष्टीसाठी उपग्रहाइतकं काटकसरीचं साधन नाही. शिवाय आत्याच्या गावात चांगलं ब्रॉडबँड नाही, छत्री आहे. अशा घरांना उत्तम चित्र मिळण्याचा एकमेव मार्ग आकाशातून येतो, आणि तोच आपण अरुंद ठेवलाय.

पैसे घेताना मात्र फरक बरोबर ओळखला जातो. २०१९ मध्ये लागू झालेल्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमात १३० रुपयांच्या मूळ शुल्कात शंभर एसडी चॅनल्स होती, आणि एक एचडी चॅनल दोन एसडींच्या बरोबरीचं धरलं होतं. म्हणजे एचडी जास्त जागा घेतं हे तत्त्व सरकारदरबारी मान्य आहे. २०२४ मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादाही ट्रायनं उठवली. मग ज्या जागेचे पैसे आम्ही देतो, ती जागा त्या चॅनलला मिळाली का हे आम्हाला कळायला नको? दुधाच्या पिशवीवर फॅट लिहावं लागतं. पेट्रोल पंपावर लिटरचं माप तपासता येतं. एचडी चॅनलची सरासरी मेगाबिट प्रत्येक कंपनीनं दर तीन महिन्यांनी चॅनलनिहाय जाहीर करावी, आणि ट्रायनं ती सक्तीची करावी. यंत्रांवर हे आकडे क्षणाक्षणाला दिसत असतात. नवी यंत्रणा उभारायची नाही, फक्त दाखवायचे आहेत. त्या दिवशी कोणती कंपनी चांगली याची तुलना दोन मिनिटांत होईल.

तोवर निवडायची वेळ आली तर शेजाऱ्याकडे जा. ज्याच्याकडे ती कंपनी आहे त्याच्या घरी सामना चालू असताना अर्धा तास बसा, पावसात बसलात तर उत्तम. तुम्ही खरोखर बघता ती सात-आठ चॅनल्स एचडीत आहेत का तेवढं पाहा. बाकीची नव्वद मोजू नका. आणि आजच तुमच्या टीव्हीमागे हात घाला. वायर तीन पिनांची असेल तर काढा, एचडीएमआय केबल लावा. आत्याची आम्ही त्याच संध्याकाळी गडहिंग्लजहून आणली. तिला आता चेंडू दिसतो.