शेवळं, काकडं आणि सर्टिफिकेट

पावसाच्या तोंडावर धसई गावच्या बाजारात शेवळं ही रानभाजी येते. ती नुसती शिजवली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. सोबत काकडाची फळं हवीतच. विकणारी बाई हे न विचारता सांगते आणि वर मूठभर काकडं टाकते. फी नाही.

पण ती पर्यावरणतज्ज्ञ नव्हे. केंद्र सरकारने २०१७ साली हरित कौशल्य विकास कार्यक्रम काढला, त्यात झाडंझुडपं ओळखायलाही शिकवतात. उपक्रम चांगलाच. मात्र तासभर स्लाइड बघून झाल्यावर प्रशिक्षणार्थींना 'फील्ड'वर नेतात, आणि फील्डवर उभी कोण असते? तीच बाई.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती आणि तिथल्या जैवविविधतेची लोकांची नोंदवही सांगितली. सतरा वर्षं सगळं निवांत. मग २०१९ मध्ये हरित लवादाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, नंतर राज्याला दरमहा दहा लाखांचा भुर्दंड. आणि सर्वांना एकदम निसर्गप्रेमाचं भरतं आलं. अशा घाईत कोर्स केलेल्या सर्टिफिकेटवाल्याचा भाव वाढणारच.

धसईला घाईची सवय आहे म्हणा. १ डिसेंबर २०१६ रोजी नोटाबंदीच्या धामधुमीत ते राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव जाहीर झालं. (शेवळांचा मोसम नव्हता, नाहीतर पाटीतही स्वाइप मशीन आलं असतं.)

उद्या बाईने कोर्सला अर्ज केलाच, तर पहिल्याच रकान्यात अडेल: किमान शिक्षण. तोवर तिने सांगितलेलं उतरवून घेणारा पास होईल. अहवालात तिचं नाव येईलही, शेवटच्या पानावर, 'स्थानिक सहकार्य' या मथळ्याखाली, आडनाव चुकवून.