खासगी प्रॅक्टिस, जाहीर कारभार

कार्ला फाट्यावरून एकवीरेकडे वळणारी गाडी भक्ताची की पार्टीची, हे आमचे वकीलसाहेब लांबून ओळखतात. भक्त काच खाली करून पार्किंग विचारतो. पार्टी काच वर ठेवून सातबारा विचारते.

साहेबांची प्रॅक्टिस खासगी आहे, असं बँकेच्या अर्जात लिहिलंय. त्या अर्जातली तेवढीच चूक. ऑफिस म्हणजे घराची पडवी. तिच्या एका अंगाला चहाची टपरी, दुसऱ्या अंगाला पिठाची गिरणी. गिरणी सुरू असली की सल्ला ओरडून द्यावा लागतो. ‘‘तुमच्या चुलत्याला याचा पत्ता लागता कामा नये!’’ हे वाक्य टपरीवर तिघं ऐकतात. त्यातला एक चुलता असतो.

वकिलानं जाहिरात करायची नाही, असा बार कौन्सिलचा नियम. साहेब तो काटेकोर पाळतात. पाटी इतकी लहान, की वाचायला जवळ जावं लागतं; आणि जवळ गेलेला माणूस अशील होऊनच परततो.

मुंबईच्या पार्टीला डोंगर दिसेल अशी जमीन हवी असते. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, हे साहेब समजावून सांगतात. ते ऐकलं, की पार्टीला सातारा जिल्ह्यातले आजोबा आठवतात. ‘‘आजोबांचा सातबारा आणा,’’ साहेब शांतपणे म्हणतात. आजोबा पुन्हा विस्मरणात जातात.

पण खरा धंदा वाटण्यांचा. 2005 साली वारसा कायद्यात दुरुस्ती झाली, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि भाऊबीजेचं पाकीट एकाएकी जाड झालं. पाकिटामागोमाग हक्कसोडपत्र येतं. साहेब मसुदा करून देतात. मात्र सहीआधी बहिणीला एकटीला बसवून विचारतात, ‘‘ताई, सही कशावर करतेस ठाऊक आहे ना?’’ ताई ‘हो’ म्हणते. मग डोळ्यांना पदर लावते. मग कागद वाचायला मागते. या एका प्रश्नापायी साहेबांचे बरेच अशील तळेगावच्या वकिलांकडे गेले. बहिणी मात्र आल्या.

फीचं म्हणाल तर गावातला माणूस आधीच सांगून टाकतो, ‘‘साहेब, तुम्ही घरचेच.’’ घरच्यांना फी नसते. भात झोडला, की पिशवीभर इंद्रायणी तांदूळ येतो. घरभर वास सुटतो आणि वहिनी विचारतात, ‘‘विजेचं बिल यातच भरायचं का?’’ पगार नाही, पेन्शन नाही, रजा नाही. अंगात ताप असला, तरी मळवलीहून लोकल पकडून वडगावच्या कोर्टात जायचं आणि पुढची तारीख घेऊन यायचं.

तारखांनी अशील पिचला, की साहेब लेण्यांच्या डोंगराकडे बोट दाखवतात. ‘‘तालुक्यातला सगळ्यात जुना फेरफार वर आहे. क्षत्रप नहपानाच्या जावयानं, उषवदातानं, करजिक गाव भिक्षूंना दान दिलं. तसं दगडात कोरून ठेवलंय. पुढे क्षत्रप गेले, सातवाहन आले. त्याच गावासाठी मामालच्या, म्हणजे आपल्या मावळच्या, अमात्याला नवा हुकूम काढावा लागला. तोही तिथंच कोरलाय. दगडावरच्या दानाची ही गत, आणि तुम्ही म्हणता, चार वर्षं झाली, तलाठी भाऊसाहेब नोंद धरीनात!’’

अशिलाचं समाधान होतं की नाही, कोण जाणे. पण तो थोडा वेळ डोंगराकडे बघत राहतो. तेवढ्यात साहेब दुसरा चहा मागवतात. टपरीवाला तो अशिलाच्या नावावर लिहितो.

तुमचंही काही जमिनीचं असेल, तर साहेबांकडे जरूर जा. जमलं तर गुरुवारी जा. त्या दिवशी लाइट नसते, गिरणी बंद असते.