किलोभर मटार आणि कोर्ट नंबर चार

क्रिकेटवर मी तोंड उघडलं की समोरचा माणूस मोबाईल काढतो. आमच्या इस्त्रीवाल्यानं मला एकदा उभ्या उभ्या रिव्हर्स स्विंग समजावून सांगितला, आणि वाईट म्हणजे त्याचं बरोबर होतं. कबड्डीवर बोलावं तर मेहुणा जिल्ह्याच्या संघातून खेळलेला. कुस्तीवर बोलावं तर वहिनीचं माहेर कोल्हापूर. बुद्धिबळाचं नाव काढलं की नऊ वर्षांचा पुतण्या कीव आल्यासारखा हसतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला निदान एका विषयात तरी अधिकारवाणीनं बोलता यायला हवं. रक्तदाब सोडून. म्हणून मी असा खेळ शोधला, जो आमच्या नात्यागोत्यात, सोसायटीत आणि ऑफिसात दुसरं कोणीही बघत नाही. तायक्वांदोवर माझं प्रेम बसलं ते नंतर. आधी मक्तेदारी बसली.

मुहूर्त 24 जुलै 2021 चा. टोकियोत मीराबाई चानूनं रौप्य उचललं होतं, घरात पेढे आले होते, आणि संध्याकाळी त्याच उमाळ्यात मी मोबाईलवर आणखी एखादं पदक सापडतंय का ते चाचपत होतो. बोट भलतीकडे लागलं आणि थायलंडची पानिपाक वोंगपट्टनाकित आणि स्पेनची सतरा वर्षांची आद्रियाना सेरेसो यांची अंतिम लढत सुरू झाली. सुरू कसली, संपतच आली होती. स्पेन दहा, थायलंड नऊ. पानिपाकनं धडावर एक लाथ घातली, दोन गुण, अकरा-दहा, खेळ खलास. मला काडीचंही कळलं नव्हतं. पण मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो, "मला वाटलंच होतं."

त्यानंतर मी अभ्यास केला. म्हणजे आडवं पडून जुन्या लढती बघितल्या. आता पाहुण्यांच्या हातात पोह्यांची बशी आली की मी सुरू होतो. 1988 ला सोलमध्ये आणि 1992 ला बार्सिलोनात हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नुसता प्रदर्शनापुरता होता, पंगतीत खरं पान मिळालं ते 2000 ला सिडनीत. जागतिक संघटनेच्या नावाची तीन इंग्रजी आद्याक्षरं मोबाईलवरच्या पोरांनी अशी काही बदनाम केली की 2017 मध्ये तिचं पुन्हा बारसं करावं लागलं. पाहुणे विचारतात, असा काय अर्थ होता? मी म्हणतो, लिंबू पिळा ना अजून. मग बीजिंग. 2008. क्यूबाचा आंखेल मातोस, सिडनीचा सुवर्णविजेता. दुखापतीसाठी दिलेला वेळ उलटला म्हणून त्याला हरलेला ठरवलं, तर यानं सरळ पंचाच्या तोंडावर लाथ मारली. जन्माची बंदी. ही चित्रफीत मी सोसायटीच्या वार्षिक सभेला निघण्यापूर्वी मुद्दाम बघत नाही.

मक्तेदारीला पहिला तडा तळमजल्यावरच्या चौथीतल्या मुलीनं दिला. ती क्लबहाउसमधल्या क्लासला जाते आणि तिला हिरवा पट्टा आहे. मला पट्टा आहे तो कमरेचा, डॉक्टरांनी दिलेला. झालं असं की पार्किंगमध्ये दोन सभासद एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते, आणि मी मध्ये पडून, पंच पाडतात तसा हात दोघांच्या मधोमध खाली आणून खणखणीत आवाजात ओरडलो, "शिजाक!" भांडण थांबेना, उलट वाढलं. ती मुलगी सायकलवरून बघत होती. म्हणाली, "काका, शिजाक म्हणजे सुरू करा. थांबवायला काल्यो म्हणतात."

आता मोज्यांविषयी सांगितलंच पाहिजे. या खेळात अनवाणी पायात एक मोजा असतो, तळवा अर्धामुर्धा उघडा टाकणारा. त्यात चुंबकाचे तुकडे शिवलेले असतात. छातीच्या कवचात सेन्सर. मोजा जवळ आला, शिवाय धडक त्या वजनगटासाठी ठरवलेल्या जोराइतकी बसली, की फलकावर गुण उमटतो. 2012 ला लंडनमध्ये हे कवच ऑलिम्पिकला आलं, 2016 ला रिओत शिरस्त्राणही तसंच झालं. म्हणजे जगातल्या एवढ्या मोठ्या स्पर्धेचा निकाल मोज्यावर ठरतो! हे वाचलं तेव्हा मला गहिवरून आलं, कारण माझ्याही आयुष्याचा निकाल मोज्यावरच ठरला होता.

लहानपणी आमचे मोजे आई रफू करायची. फ्यूज उडालेला बल्ब मोज्याच्या टाचेत घालायची, त्यावर भोक ताणून बसवायची आणि सुईनं उभेआडवे धागे विणायची. बल्ब आत असलेला तो करडा मोजा आमच्या घरातला पहिला इलेक्ट्रॉनिक मोजा. आई म्हणायची, टाचेची काळजी नको, ती बुटात असते. अंगठ्याचं सांभाळ, तो माणसाला उघडं पाडतो. हे वाक्य मी साताऱ्याला मुलगी बघायला जाताना विसरलो. दारात बूट काढले आणि उजवा अंगठा बाहेर आला, घरच्यांना नमस्कार करायला आल्यासारखा. पुढचा पाऊण तास मी डावा पाय उजव्या पायावर ठेवून बसलो होतो. मुलीच्या वडिलांनी पगार विचारला, मी पाय दाबला. मामांनी गोत्र विचारलं, मी पाय दाबला. मुलगी पोहे घेऊन आली तेव्हा उठून बशी घ्यावी लागली आणि पाय सुटला. तिनं खाली बघितलं, वर बघितलं, आणि काही न बोलता आत गेली. होकार आल्यावर मला वाटलं, तिला दिसलं नसावं. लग्नानंतर चार वर्षांनी कळलं की दिसलं होतं. शिवाय डावा मोजा निळा होता आणि उजवा काळा, हेही दिसलं होतं. "मग होकार कसा दिलास?" मी विचारलं. ती म्हणाली, "म्हटलं, याच्याकडे बघायला कोणीतरी हवं." गेली कित्येक वर्षं गॅलरीतल्या दोरीवर ती माझे मोजे जोडीजोडीनं एकाच चिमट्यात लावते, म्हणून मी जगात बरा दिसतो. पण मोज्यांचं पुरे.

चुंबकाच्या मोज्यानं अन्याय कमी झाला, यात शंका नाही. पण खेळ जरा चमत्कारिकही झाला. पुढचा पाय हवेत उचलून ठेवायचा आणि बगळ्यासारखं उभं राहून त्या पायानंच समोरच्याला ढोसत राहायचं, असं मिनिट-मिनिटभर चालतं. परदेशी समालोचक अशा वेळी फार हुशारीनं बोलतात. मी मात्र चहा करून येतो.

आणि मग एखादा क्षण असा येतो की चहा कपातच राहतो. रिओत, ऐंशी किलोखालच्या अंतिम लढतीत ब्रिटनचा लुतालो मुहम्मद सहा-चारनं पुढे होता. घड्याळात एक सेकंद. आयव्हरी कोस्टच्या शेख सिसेनं गिरकी घेऊन टाच डोक्यापर्यंत नेली. आठ-सहा. त्या देशाचं ऑलिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. आणि मुहम्मद, एवढा धिप्पाड माणूस, मुलाखतीत टीव्हीसमोर रडला. ही मुलाखत मी अनेकदा बघितली आहे. दर वेळी घरच्यांना सांगतो की डोळ्यांवर स्क्रीनचा ताण येतो.

या खेळाची ही एक तऱ्हा मला आवडते. तो लहान ताटांतही वाढतो. व्हिएतनामचं पहिलं ऑलिम्पिक पदक तायक्वांदोचं, 2000. अफगाणिस्तानचं पहिलं, रोहुल्ला निकपाईचं, 2008. गॅबनचं पहिलं, 2012. जॉर्डनचं पहिलं, तेही थेट सुवर्ण, 2016. उलट हा खेळ जिथला, त्या खुद्द कोरियाला टोकियोत या खेळात एकही सुवर्ण मिळालं नाही. आपलं काय? पॅरिसपर्यंत ऑलिम्पिकच्या त्या अष्टकोनी मॅटवर एकही भारतीय उतरलेला नव्हता. पॅरालिम्पिकला टोकियोत अरुणा तंवर उतरली. हरियाणाची. तिचं नाव आमच्या ऑफिसात मी चौघांना विचारलं. एकानं विचारलं, ही सिरीयलमधली का?

पॅरिसच्या वेळी अंतिम लढती आपल्याकडे मध्यरात्रीनंतर. 7 ऑगस्ट 2024 च्या रात्री, म्हणजे खरं तर उत्तररात्री एकच्या सुमाराला, काचेच्या छताच्या ग्रां पालेमध्ये पानिपाक पुन्हा जिंकली. मी आवाज बंद करून, अंधारात, उशीला मिठी मारून नाचलो. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी ऑफिसात गेलो तर साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "विनेशचं फार लागलं ना मनाला? आमच्याकडेही कोणी झोपलं नाही." आदल्याच दिवशी कुस्तीच्या अंतिम लढतीआधी विनेश फोगाटचा वजनातल्या जास्तीच्या शंभर ग्रॅमनं घात केला होता. मी मान हलवली. विनेशचं दुःख मला झालं नव्हतं असं नाही, पण माझं जागरण थायलंडच्या नावावर होतं, आणि सांत्वन मी भारताच्या खात्यातून घेतलं.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून बसलो ती सांगतो. पौषातली दुपार. मोठ्या स्पर्धांच्या मधल्या काळात परदेशांत खुल्या स्पर्धा चालतात, आणि त्यांचं प्रक्षेपण म्हणजे एकेका कोर्टासमोर एकेक कॅमेरा रोवलेला. समालोचक नाही, संगीत नाही. लाथांचे फटके आणि प्रशिक्षकांच्या आरोळ्या. मध्येच नेट अडकतं, पाय हवेत थांबतो आणि पायाच्या जागी ते गोल चक्र गिरक्या घेत बसतं. बायकोनं समोर किलोभर मटार ठेवले होते. कोर्ट नंबर चारवर निळ्या कवचातली मुलगी आली, पाठीवर देशाचं नाव. आपलं. कोपऱ्यात आकडा होता, बघणारे एकोणीस. एक मी. उरलेले अठरा बहुधा तिचे आईवडील, मामा, मावश्या.

तिच्या बाजूची प्रशिक्षकाची खुर्ची रिकामी होती. का, ते मला माहीत नाही. विमानाचं भाडं, व्हिसा, दुसऱ्या कोर्टावर दुसरा खेळाडू, काहीही असेल. पण रिकामी खुर्ची म्हणजे नुसती पाणी द्यायला कोणी नाही एवढंच नव्हे. प्रशिक्षकाकडे एक कार्ड असतं. पंचांचं काही निसटलं असं वाटलं की ते वर करायचं, मग चित्रफीत पुन्हा बघतात. धडावर साधी लाथ बसली तर दोन गुण, ते मोजा आणि कवच आपसांत ठरवतात. तीच लाथ वळून मारली तर चार. पण खेळाडू वळली की नाही, हे चुंबकाला कळत नाही. ते कोपऱ्यातल्या पंचांनी डोळ्यांनी बघून बटण दाबायचं असतं.

पहिली फेरी तिची, दुसरी समोरचीची. तिसरीत ती तीन-सहानं मागे. शेवटच्या काही सेकंदांत फटका आला आणि फलकावर पाच-सहा झालं. दोन गुण. वेळ संपली.

मी मागे नेऊन बघितलं. ती वळली होती. पाठ पूर्ण समोरच्या मुलीकडे, मान खांद्यावरून, मग टाच. पुन्हा बघितलं. मोबाईल उभा धरून, आडवा धरून बघितलं. तळमजल्यावरच्या हिरव्या पट्ट्याला बोलावून दाखवलं. तिनं एकदाच बघितलं आणि मला पहिल्यांदाच दुरुस्त न करता म्हणाली, "वळलीय."

चित्रफितीत पुढे ती प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार करते. मग रीतीप्रमाणे समोरच्या प्रशिक्षकाकडे जाऊन हात मिळवते. मग स्वतःच्या रिकाम्या खुर्चीखालची बाटली स्वतःच काढते, शिरस्त्राण काखेत मारते आणि चौकटीबाहेर जाते. कॅमेरा हलत नाही. लगेच पुढची जोडी.

मी तावातावानं स्वयंपाकघरात गेलो आणि सगळं सांगितलं. बायको कणीक मळता मळता ऐकत होती.

"मग दिले का तिला वरचे दोन?"

"नाही ना. मागायला खुर्चीत कोणी नव्हतं."

"आणि ते पंच?"

"बघत नसतील त्याच क्षणी."

"पण तुम्ही बघत होतात ना? तेव्हाच का नाही ओरडलात? एरवी तर बिल्डिंग डोक्यावर घेता."

ती वळली त्या क्षणी एक मटार उडून सोफ्याखाली गेला होता आणि मी वाकलो होतो. फटका मी ऐकला, बघितला नाही. तो दाणा अजून माझ्या मुठीत होता. तिनं काही न बोलता पातेलं पुढे सरकवलं, मी तो त्यात टाकला.